गर्द, चार उपचार आणि आम्हीच बंद केलेली गोळी : बिबवेवाडीतल्या एका घराचं प्रकरण

माझा धाकटा भाऊ गर्दवर होता. ब्राऊन शुगर, म्हणजे भेसळीचं हेरॉईन. हे आधीच सरळ लिहून टाकते कारण कितीतरी वर्षं आमच्या घरात हा शब्दच कोणी उच्चारला नाही, 'त्याचं ते' असं म्हणायचो आम्ही. त्याला विचारून लिहितेय. तोच म्हणाला ताई सगळं लिही, माराचं पण लिही, गोळीचं पण लिही, फक्त नाव आणि गल्ली नको.

घर बिबवेवाडीत. बाबा मार्केट यार्डात एका गाळ्यावर हिशोब लिहायचे, आई घरी, मी लग्न होऊन धनकवडीत, म्हणजे रोज जाऊन येऊन. भाऊ आयटीआय करून एसी-फ्रीजची कामं करायचा, हात चांगला होता, एप्रिल-मे मध्ये दिवसाला सात-आठ कॉल करायचा. एसीचं बाहेरचं युनिट उचलून उचलून कंबर धरायची, तर २०१७ ला, बावीस वर्षांचा असताना, सोबत काम करणाऱ्या एकाने सांगितलं की हे ओढ, कंबर हलकी होते. आणि खरंच झाली म्हणतो तो. त्याला पहिल्या दिवशी मजा नाही मिळाली, आराम मिळाला, आणि हे मला खूप उशिरा समजलं.

आम्हाला कळलं २०१८ च्या दिवाळीनंतर, ते पण फॉईलमुळे, गर्द त्या कागदावर तापवून धूर ओढतात. आई मला म्हणाली, अगं पोळ्या गुंडाळायचा तो चांदीचा कागद महिन्याला दोन रोल लागायला लागलाय, एवढे डबे कोण नेतं आपल्याकडे? मी हसण्यावारी नेलं. मग त्याचा गॅस भरायचा गेज सेट दिसेना, व्हॅक्यूम पंप 'दुरुस्तीला दिलाय', कॉपर पाईपची गुंडाळी गायब, कधी नाक गळतंय जांभया येतायत जशी काही बारमाही सर्दी, तर कधी तासभर बाथरूममध्ये आणि बाहेर आला की डोळ्यातली बाहुली टाचणीच्या डोक्याएवढी. दिवसाला हजार-बाराशेचा माल लागत होता तोपर्यंत.

पहिला प्रयत्न घरातच केला, जानेवारी २०१९. आत्या म्हणाली होती खोलीत कोंडा, आठ दिवस ओरडेल, मग मोकळा होईल. मागच्या खोलीला बाहेरून कडी लावली, फॅमिली डॉक्टरांकडून झोपेच्या आणि जुलाबाच्या गोळ्या आणल्या. माल न मिळाल्यावर जे होतं त्याला ते लोक टर्की म्हणतात. शेवटच्या दमानंतर आठ-दहा तासांत सुरू होते, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी टोकाला जाते आणि आठवड्याभरात ओसरते. अंगावर काटा, उलट्या, जुलाब, पाय झाडणं, हाडं दुखतात म्हणून भिंतीला पाठ घासत बसणं, हे सगळं मी दाराच्या फटीतून बघितलंय. नवव्या दिवशी तो वरणभात जेवला. आईने देवापुढे साखर ठेवली. अकराव्या दिवशी दूध आणायला गेला तो रात्री अकरा वाजता आला आणि डोळे बघूनच कळलं.

तेव्हा आम्ही सगळे म्हणालो की याच्यात जिद्दच नाही. आज मी ते वाक्य कोणाच्याही मुलाबद्दल बोलणार नाही. टर्की ओसरली म्हणजे अंगातलं उतरलं, एवढंच. त्यानंतर कित्येक आठवडे झोप लागत नाही, मन कशात रमत नाही, आणि जुना चौक, जुना मित्र दिसला, नुसता फॉईल फाटल्याचा आवाज आला तरी तलफ उसळते. त्या दिवसांसाठी आमच्याकडे काहीच नव्हतं, ना औषध ना माणूस. कडी काढली आणि जा म्हटलं.

दुसऱ्या प्रयत्नाचं लिहिताना अजून हात थांबतो. पुण्याबाहेरचं एक सेंटर, ओळखीतून कळलेलं, महिन्याला १२ हजार. रात्री दोन वाजता गाडी घेऊन चार माणसं आली आणि त्याला झोपेतून उचललं, आई दारात उभी होती, जाताना त्याने आईकडे बघितलं ती नजर आई आजपण विसरलेली नाही. पहिले ४५ दिवस फोन नाही भेट नाही, एकूण चार महिने ठेवलं. तो सांगतो की डॉक्टर कधीतरी सह्या करायला यायचे, बाकी उपचार म्हणजे पहाटे व्यायाम, फरशा पुसणं आणि चुकलं की पट्ट्याने मार, एका पोराला खिडकीच्या गजाला साखळीने बांधलेलं. मानसिक आरोग्य कायदा २०१७ मध्ये दारू-ड्रग्जमुळे होणारे मानसिक त्रास धरलेत, साखळदंडाला सरळ बंदी आहे, आणि मर्जीविरुद्ध दाखल करायचं तर दोन तज्ज्ञांनी वेगवेगळं तपासायचं, पहिली मुदत जास्तीत जास्त ३० दिवस, शिवाय अशा दाखल्यांवर लक्ष ठेवणाऱ्या रिव्ह्यू बोर्डाला कळवायचं, असे नियम आहेत. आम्हाला हे कोणी सांगितलं नाही आणि आम्ही विचारलंही नाही. खरं सांगायचं तर आम्हाला तो काही दिवस डोळ्यांसमोरून गेलेला हवा होता.

परत आला तेव्हा आठ किलो वजन वाढलेलं, गाल वर आलेले. बाबांनी सत्यनारायण घातला. सहा आठवड्यांत पुन्हा सुरू झालं, फक्त आता तो लपवायला शिकला होता, कारण सांगितलं तर परत रात्री गाडी येणार. मार तर वाईटच, पण माझ्या मते त्याहून मोठं नुकसान हे झालं की मदत मागायची त्याची वाटच बंद झाली. पुढची दोन वर्षं तो आमच्याशी खरं बोलला नाही.

आणि हे पुण्यात राहून झालं याचं मला जास्त वाईट वाटतं. डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांनी १९८६ साली येरवड्यात मुक्तांगण सुरू केलं ते गर्दचा विळखा बघूनच, पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे त्यांच्या पाठीशी उभे राहिले. पेशंटला माणूस म्हणून वागवायचं, मारायचं नाही, घरच्यांनाही समोर बसवून बोलायचं, घरी गेल्यावर फॉलोअपला बोलवायचं, ही पद्धत या शहरात इतकी वर्षं चालू आहे. बिबवेवाडीतून बसने जाता येईल एवढ्या अंतरावर. पण बाबा म्हणाले शहरात नको, कोणीतरी ओळखीचं भेटेल. लोक काय म्हणतील या एका गोष्टीने आमच्या घरात औषधापेक्षा जास्त निर्णय घेतले, पुढचा तर सगळ्यात महागात पडला.

लॉकडाऊनचं थोडक्यात सांगते. मार्च २०२० ला माल मिळेना, दुखण्याच्या गोळ्यांवर गेला, अनलॉक झाल्यावर परत गर्द.

जून २०२१ मध्ये एका रात्री तो स्वतः माझ्या घरी आला. पाऊस होता, पूर्ण भिजलेला. म्हणाला, ताई मला सोडायचंय पण टर्की सोसत नाही आता, आणि ती गाडी नको. दुसऱ्या दिवशी मी रजा टाकून त्याला व्यसनांचं बघणाऱ्या एका सायकियाट्रिस्टकडे नेलं. बाबांना पोलिसांची भीती, डॉक्टर नाव कळवतील, केस होईल. प्रत्यक्षात एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्यातच, कलम ६४ अ मध्ये, स्वतःहून उपचाराला येणाऱ्या व्यसनी माणसाला सेवनाच्या आणि छोट्या मात्रेच्या गुन्ह्यात खटल्यापासून संरक्षण दिलंय, उपचार मात्र पूर्ण करायला हवेत. हा कायदा १९८५ चा, म्हणजे आमचा भाऊ जन्मायच्या आधीचा.

डॉक्टरांनी ब्युप्रेनॉर्फिन-नॅलॉक्सोनची गोळी सुरू केली. साध्या मेडिकलमध्ये ही मिळत नाही, उपचार केंद्रातूनच घ्यावी लागते. पहिली गोळी टर्की नीट सुरू झाल्यावरच द्यायची, अंगात माल असताना दिली तर उलट एकदम जोरात टर्की येते, म्हणून त्याला सकाळपासून तिथे बाकावर घोंगडी पांघरून बसवलेलं. ही जिभेखाली ठेवायची, गिळायची नाही. डॉक्टरांनी बाबांना समजावलं ते मी माझ्या भाषेत सांगते. मेंदूत गर्द जिथे जाऊन बसतं तिथेच ही गोळी जाऊन बसते, पण अर्ध्याच जोराने, त्यामुळे टर्की थांबते, तलफ कमी होते, पण तार चढत नाही, आणि डोस वाढवला तरी एका मर्यादेपुढे परिणाम वाढत नाही म्हणून श्वास बंद पडायचा धोका खूप कमी. सोबतचं नॅलॉक्सोन कशाला, तर कोणी गोळी विरघळवून सुईने घेतली तर मजा येऊ नये म्हणून.

मी दोन प्रयत्न बघितले होते, पण असं काही बघितलं नव्हतं. दोन तासांत त्याचे पाय झाडायचे थांबले. तिसऱ्या दिवशी जेवला. तीन आठवड्यांत कामावर, पहिल्या पगारातून नवा गेज सेट घेतला. आधी आठवड्याची मग पंधरा दिवसांची गोळी घरी मिळायची, दर वेळी लघवीची तपासणी, थोडं बोलणं. साडेचार महिने असे गेले.

आणि मग आम्ही ती बंद केली.

बाबा पहिल्यापासून म्हणायचे, गोळी म्हणजे गर्दच की, फक्त पावती मिळते. आत्या म्हणायची सुटला कुठे, रोज खातोय अजून. त्यात दिवाळीत सासवडचं एक स्थळ आलं, चांगली माणसं, बघायला यायचं म्हणाले आणि घरात एकच चर्चा, मुलगी आल्यावर विचारेल ना रोज सकाळी जिभेखाली काय ठेवतो. डॉक्टर आधीच म्हणाले होते घाई करू नका, वर्षभर तरी विषय काढू नका, म्हणून डॉक्टरांना सांगितलंच नाही. मीच ब्लेडने गोळ्या अर्ध्या केल्या, मग पाव केल्या, मीच मोजून दिल्या, पंधरा दिवसांत शून्यावर आणलं आणि मला त्याचा अभिमान वाटला होता. त्याने विरोध केला नाही. त्याला पण सगळ्यांसारखं 'पूर्ण सुटलेलं' व्हायचं होतं.

तेविसाव्या दिवशी, डिसेंबरातली सकाळ, बाथरूममधून घोरल्यासारखा घर्रघर्र आवाज यायला लागला. आईला वाटलं पाण्याची मोटर. बाबांनी कडी तोडली तेव्हा तो भिंतीला टेकून बसलेला, ओठ निळे, श्वास मधेच एखादा. शेजारचा मुलगा नर्सिंगला होता, त्याने आडवं करून मान मागे केली आणि तोंडाने श्वास देत राहिला १०८ येईपर्यंत. हॉस्पिटलमध्ये नॅलॉक्सोनचं इंजेक्शन दिलं, ते गर्दचा असर तोडतं, मिनिटा-दोन मिनिटांत डोळे उघडले. त्या इंजेक्शनचा असर लवकर उतरतो आणि माणूस परत बुडू शकतो म्हणून रात्रभर ठेवून घेतलं. मी बाहेर बाकावर बसून फक्त त्या ब्लेडचा विचार करत होते.

त्याने जास्त घेतलं नव्हतं. पूर्वी जेवढं घ्यायचा तेवढंच घेतलं. पण आता अंगाला त्याची सवयच राहिली नव्हती, आणि हेच आम्हाला कोणाला माहीत नव्हतं. रोज माल घेणाऱ्याच्या शरीराला जेवढं पचतं तेवढंच काही आठवडे कोरडं राहिलेल्या शरीराला मारू शकतं. म्हणजे सेंटरमधून सुटल्यावरचे, जेलमधून सुटल्यावरचे, गोळी बंद केल्यावरचे पहिले काही आठवडे, ज्यांना घरचे 'आता बरा झाला' म्हणतात, तेच सगळ्यात धोक्याचे असतात.

नंतर मी वाचायला लागले. २००३ साली स्वीडनच्या स्टॉकहोममधला एक अभ्यास लॅन्सेटमध्ये आला होता. हेरॉईनचं व्यसन असलेली ४० माणसं, दोन गट. २० जणांना वर्षभर ब्युप्रेनॉर्फिन, बाकी २० जणांना ६ दिवसांत कमी करत बंद करून पुढे खोटी गोळी, समुपदेशन दोन्ही गटांना सारखंच आणि भरपूर. वर्षाअखेरीस पहिल्या गटातले ७५ टक्के उपचारात टिकले होते, दुसऱ्यातला एकही नाही. आणि दुसऱ्या गटातले ४ जण मेले होते, पहिल्यातलं कोणी नाही. हे वाचलं तेव्हा मी स्वयंपाकघरात होते, गॅस बंद करून खाली बसले. पंधरा दिवसांत आम्ही घरात तेच केलं होतं जे त्या दुसऱ्या गटाचं झालं. २०१७ मध्ये १९ अभ्यास एकत्र करून बघितले तेव्हाही तेच दिसलं, ब्युप्रेनॉर्फिन चालू असताना वर्षाला हजारी साधारण ४ मृत्यू, उपचार सुटल्यावर साडेनऊ. एवढी माहिती जगात होती आणि आमच्या घरात सासवडचं स्थळ होतं.

ते स्थळ नंतर मोडलंच.

चौथा प्रयत्न म्हणजे खरं तर तिसराच पुढे चालू. फेब्रुवारी २०२२. त्याच डॉक्टरांकडे गेलो, मला वाटलं ओरडतील, ते फक्त म्हणाले आलात हे बरं केलंत. गोळी परत सुरू. यावेळी फरक एवढाच की अटी आम्हाला होत्या. गोळी कधी कमी करायची हे तो आणि डॉक्टर ठरवणार, घरच्यांनी तोंड घालायचं नाही. महिन्यातून एकदा बाबांनी पण यायचं. पहिल्या वेळी बाबा तासभर एक शब्द बोलले नाहीत. तिसऱ्या वेळी म्हणाले की मला बीपीची गोळी चौदा वर्षं चालू आहे. बस एवढंच, पण घरी येताना स्वारगेटला उतरून त्यांनी त्याला उसाचा रस पाजला.

गोळीने सगळं होतं असं मला अजिबात म्हणायचं नाही. गोळीने त्याला टर्कीशिवाय सकाळ दिली, पण संध्याकाळी सहा ते नऊचं काय करायचं हे गोळी सांगत नाही. त्यासाठी तो नार्कोटिक्स अॅनॉनिमसच्या मीटिंगला, म्हणजे व्यसनातून बाहेर पडणाऱ्यांच्याच आपसातल्या गटात, जायला लागला. तिथे शेअरिंग करतात, फक्त आजचा दिवस म्हणतात, आणि तिथल्या माणसांना टर्की म्हणजे काय हे समजावून सांगावं लागत नाही. पण तिथे पण एकजण म्हणाला की गोळी घेतोस म्हणजे तू क्लीन नाहीस, आणि हा दोन आठवडे गेलाच नाही. मग त्याच मीटिंगमधल्या पन्नाशीच्या एका काकांनी फोन करून बोलावलं, म्हणाले इथे यायला फक्त सोडायची इच्छा लागते, असं आपल्या परंपरांमध्येच लिहिलंय, तुझी गोळी तुझ्या डॉक्टरांचा विषय. तेच काका आजही रोज रात्री त्याला फोन करतात. गोळीवाले आणि मीटिंगवाले एकमेकांना चुकीचं ठरवत बसतात ना, त्यात आमच्यासारख्या घरांचं फार नुकसान होतं, माझ्या भावाला दोन्ही लागलं.

स्लिप, म्हणजे मधेच पुन्हा घेणं, दोनदा झाली. एकदा २०२२ च्या गणपतीत विसर्जनाच्या रात्री, एकदा आईच्या ऑपरेशनच्या वेळी. पहिल्यांदा सेंटर, दुसऱ्यांदा शून्यावरून सुरुवात, असं काही झालं नाही. तो दुसऱ्याच दिवशी डॉक्टरांकडे गेला, खरं सांगितलं, डोस थोडा वाढवला, मी काही दिवस संध्याकाळी त्याला माझ्याकडे जेवायला बोलावलं. व्यसनाच्या उपचारानंतर परत घसरणाऱ्यांचं प्रमाण साधारण ४० ते ६० टक्के सांगतात, आणि बीपी, दम्याचे पेशंट औषध-पथ्य मोडून परत आजारी पडतात ते प्रमाण याच्याच आसपास किंवा जास्त असतं. बाबांची बीपी वाढली तर आम्ही त्यांना कधी खोलीत कोंडलं नाही.

त्रास पण आहेत, लपवत नाही. बद्धकोष्ठता, घाम, सुरुवातीला तोंडाला कोरड. ही गोळी तोंडात विरघळते त्याने दात खराब होऊ शकतात म्हणून नंतर पाण्याने चूळ भरायची, तासभर ब्रश करायचा नाही. औषध आणायला कामाचा अर्धा दिवस जातो, ग्राहकाला काय सांगायचं हा प्रश्न असतोच.

अजून एक. ओळखीच्या बायका मला विचारतात आमच्या मुलाला पण ती गोळी मिळेल का, आणि विचारलं तर कळतं मुलगा एमडीवर आहे. आता पुण्यात हेच जास्त ऐकू येतं, फेब्रुवारी २०२४ मध्ये कुरकुंभ एमआयडीसीतल्या कारखान्यापर्यंत पोलीस पोचले तेव्हा शेकडो किलो एमडी सापडलं. तर एमडी म्हणजे मेफेड्रोन, ते उत्तेजक आहे, त्याच्यावर अशी जागा घेणारी मंजूर गोळी नाही. तिथे समुपदेशन, वर्तनावर काम, आणि लघवीची तपासणी स्वच्छ आली की लगेच छोटं बक्षीस द्यायची एक पद्धत, तिचे निकाल अशा उत्तेजकांत सगळ्यात चांगले दिसलेत पण आपल्याकडे ती फारशी कोणी वापरत नाही. म्हणून आधी नशा कोणती ते नीट कळू द्या, मग उपचार. कुठे जायचं कळत नसेल तर १४४४६ ही व्यसनमुक्तीची सरकारी हेल्पलाईन आहे, १४४१६ वर टेलिमानस ही मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाईन आहे, दोन्ही फुकट. आणि सेंटर रात्री गाडी पाठवतो म्हणालं तर नको म्हणा, हात जोडून सांगते.

आता तो इकडेच दोन मुलं हाताशी घेऊन स्वतःची कामं करतो. गोळी चालू आहे, डोस आधीपेक्षा कमी, पूर्ण बंद करायचा विषय त्याने अजून काढलेला नाही आणि आम्ही पण नाही. मागच्या रविवारी मी सकाळी माहेरी गेले तर तो ओट्याला टेकून उभा, गोळी जिभेखाली, त्यामुळे बोलता येत नाही, हातानेच मला बस म्हणाला. बाबा चहा करत होते. चहा उकळून झाला होता पण त्यांनी गॅस बारीक करून ठेवलेला, घड्याळाकडे बघत उभे. त्याने बेसिनला जाऊन चूळ भरली तेव्हा बाबांनी कप काढले.